दादा, स्टँड!

परभणीत वसमत रोडला गाडीवरून निघालात आणि साइड स्टँड खालीच राहिलं, तर पुढचा चौक यायच्या आत कुणीतरी ओरडतं, "दादा, स्टँड!" ओरडणारा ओळखीचा नसतो. समोरून येणारा असेल तर तोंडही उघडत नाही, नुसता पंजा मनगटातून दुमडून दाखवतो आणि निघून जातो. इंडिकेटर चालू राहिला असेल तर बोटांची उघडझाप करतो. गंमत अशी, की गाडी आपली, पाय आपला, स्टँडही आपलंच. पण ते खाली आहे ही बातमी सगळ्या रस्त्याला असते आणि आपल्याला नसते. आपली नजर समोर, स्टँड पायाखाली.

मी काही वर्षांपासून संगणकावर चित्रं काढतो. पेन टॅबलेट, पडदा आणि क्रिता नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, एवढा संसार. तिथं मला या रस्त्यावरच्या माणसाची फार आठवण येते. कारण खाली राहिलेली स्टँडं तिथंही आहेत, चांगली डझनभर, आणि ओरडायला कुणी नाही.

पोळ्याची गोष्ट सांगतो. गावच्या पोरांना बॅनर हवं होतं, दहा बाय सहा फुटांचं. इंटरनेटवरून उचललेला बैल नको, हातानं काढलेला हवा, आणि तोही लाल कंधारी. काढला. अंगावर झूल, डोक्याला बाशिंग, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ. एकाच चित्राकडे तासन्‌तास बघितलं की डोळा सरावतो आणि चुका दिसेनाशा होतात. यावर चित्रकारांचा जुना उपाय म्हणजे चित्र आरशात बघणं. इटलीतल्या अल्बेर्तीनं १४३५ सालच्या आपल्या ग्रंथात हे सांगितलंय, पुढे लिओनार्दोनंही. आरशात बघितलं की डावं शिंग आखूड राहिलंय हे एकदम टोचतं. क्रितामध्ये या आरशासाठी 'एम' ही एक कळ आहे. मी ती दाबली, शिंग नीट केलं आणि त्याच भरात वर ब्रशनं ठसठशीत 'पोळा' लिहिलं. एम परत दाबायची राहिली.

बैल आरशातही बैलच दिसतो. तोंड डावीकडे आहे की उजवीकडे, यावरून काही कळत नाही. मला पडद्यावर 'पोळा' सुलटं दिसत होतं, फाइलमध्ये मात्र ते उलटं बसत होतं. रात्री अकराला जेपीजी काढून छपाईच्या दुकानात पाठवली आणि झोपलो. सकाळी फ्लेक्स मारुतीच्या देवळासमोर लागलं. 'ळ'ला दोन्ही बाजूंना पोट असतं, तो उलटला तरी फारसा बोंब मारत नाही. पण 'प'चा दंड डावीकडे गेलेला आणि काना सगळ्यांच्या पुढे येऊन उभा. छापणाऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "मला वाटलं नवीन स्टाइल असंल." शेवटी पोरांनीच शोध लावला: बॅनरच्या मागं उभं राहायचं, पलीकडून ऊन आलं की कापडातून अक्षरं सुलटी दिसतात. त्या दिवशी देवळाला बैल फिरवणारी निम्मी माणसं बॅनर मागूनच वाचत होती.

"तुझं लक्ष कुठं होतं?" हा प्रश्न घरी-दारी झालाच. उत्तर सरळ आहे. माझं लक्ष बैलावर होतं, जिथं असायला हवं तिथंच. तो आरसा चालू आहे हे सांगणारी खूण होती पडद्याच्या कडेला, बटणाच्या करड्या रंगात. बंद असताना करडं, चालू असताना जरा गडद करडं. स्वस्तातल्या पडद्यावर हा फरक ज्याला दिसेल त्याला माझा नमस्कार.

एकच कळ किंवा एकच हालचाल कधी एक काम करते, कधी दुसरं. कुठलं ते यंत्राच्या त्या वेळच्या अवस्थेवर ठरतं. या अवस्थेला मोड म्हणतात. कॅप्स लॉक हा सगळ्यांच्या ओळखीचा. फोटोशॉपमध्ये तर कॅप्स लॉक चालू राहिला की ब्रशचं गोल वर्तुळ जाऊन तिथं बारीक फुली येते, आणि नवशिका मुलगा अर्धा तास ब्रशच्या सेटिंगमध्ये बिघाड शोधत बसतो. चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये याची एक खास जात आहे: बघण्याचे मोड. त्यात चित्र बदलत नाही, तुमच्या आणि चित्राच्या मधली काच बदलते. आरसा ही एक काच. चित्र छपाईत कसं दिसेल ते दाखवणारी दुसरी. चित्राचा एकच थर, म्हणजे लेयर, सुटा करून दाखवणारी तिसरी. चित्र बदलत नाही म्हणून सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना हे मोड निरुपद्रवी वाटतात, आणि म्हणूनच बहुधा त्यांच्या खुणा इतक्या बारीक ठेवतात. पण हात चालतो तो डोळ्याला जे दिसतं त्यावर. काच खोटी असली की हातही खोटा चालतो.

क्रितामध्ये खोडरबराची कळ आहे 'ई'. रंगवताना ती शेकडो वेळा दाबली जाते, न बघता, डाव्या हाताच्या बोटानं. आता कीबोर्ड आठवा. ई च्या शेजारी डावीकडे काय आहे? 'डब्ल्यू'. आणि डब्ल्यू दाबलं की 'रॅप अराउंड' नावाचा मोड सुरू होतो. साडीच्या काठाची, फरशीची, कागदाच्या वेष्टनाची सलग नक्षी काढणाऱ्यांना हा मोड म्हणजे वरदान आहे: चित्र चारी दिशांना पुन्हा पुन्हा पसरतं, उजवीकडून बाहेर गेलेली रेघ डावीकडून आत येते, सांधा कुठं आहे ते कळतच नाही. ज्याला निसर्गचित्र काढायचंय त्याच्यासाठी मात्र हाच मोड भूत आहे. चित्र मोठं करून मधल्या भागात काम चाललं असेल तर डब्ल्यू दाबली गेल्याचा पत्ताही लागत नाही, कारण पडद्यावर काहीच फरक पडत नाही. वीस मिनिटांनी उजव्या कडेला बाभळीची फांदी काढावी, तर तिचा शेंडा डावीकडच्या आभाळातून उगवतो.

कंट्रोल-वाय हे त्याहून वाईट प्रकरण. वर्डमध्ये ज्यांची बोटं तयार झाली त्यांच्यासाठी कंट्रोल-झेड म्हणजे मागं आणि कंट्रोल-वाय म्हणजे पुढं. महाराष्ट्रात संगणक शिकलेल्या जवळपास प्रत्येक माणसाची बोटं अशीच तयार झालेली आहेत. क्रिता आणि फोटोशॉप, दोन्हींत पुढं जायला कंट्रोल-शिफ्ट-झेड लागतं; कंट्रोल-वाय दाबलं की 'सॉफ्ट प्रूफ' चालू होतं, म्हणजे चित्र छापखान्याच्या चार शाईंत कसं दिसेल त्याचा अंदाज. इलस्ट्रेटर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच कळेनं सगळे रंग जाऊन नुसत्या रेषा उरतात. इलस्ट्रेटरचं एक बरं, काहीतरी झालंय हे आंधळ्यालाही कळतं. सॉफ्ट प्रूफमध्ये झेंडूचा केशरी थोडा मळतो, पोपटी जरा सुकतो, बस. चित्रकाराला वाटतं आपलाच रंग फिका पडला. तो आणखी भडक रंग चढवतो. छपाईचा अंदाज दाखवणारी काच डोळ्यावर आहे हे ठाऊक नसताना तो त्या काचेशी भांडत राहतो. फोटोशॉप हे सांगतं, नाही असं नाही: फाइलच्या नावाच्या पट्टीवर, कंसात, बारीक अक्षरांत. क्रिता हा मोड चालू होताना पडद्यावर एक पाटी दाखवतं आणि ती काही क्षणांत विरते. तेवढ्यात तुमची नजर रंगांच्या तबकडीकडे गेलेली असली, तर संपलं.

मला मुलांचे घाबरेघुबरे फोन येतात ते वेगळ्याच कळांमुळे. "सर, सगळं सॉफ्टवेअरच गेलं." म्हणजे टॅब दाबली गेली आणि सगळ्या पट्ट्या लपल्या. "सर, सगळं चित्रच गेलं, नुसते डोळे राहिले." म्हणजे ऑल्ट धरून लेयरवर क्लिक झालं आणि बाकीचे लेयर झाकले गेले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वयाची मुलं असतात. रडायच्या बेतात आलेली असतात. मी फोनवर एक कळ सांगतो, पलीकडे चित्र परत येतं, आणि मी फार मोठा जाणकार ठरतो. खरं सांगायचं तर मी रस्त्यावरचा तो अनोळखी माणूस असतो, एवढंच.

हे दुखणं पन्नास वर्षं जुनं आहे. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७४ च्या सुमारास ब्राव्हो नावाचा लेखनाचा प्रोग्रॅम तयार झाला. त्यात लिहायचा मोड वेगळा आणि आज्ञा द्यायचा मोड वेगळा. एखाद्यानं आपण लिहितोय असं समजून आज्ञेच्या मोडमध्ये इंग्रजी 'एडिट' हा शब्द टाइप केला, तर ई म्हणजे सगळा मजकूर निवड, डी म्हणजे पुसून टाक, आय म्हणजे आता नवा मजकूर घे, आणि टी हा तो नवा मजकूर. सगळा लेख गायब, पडद्यावर एकटा टी. तिथंच काम करणारा लॅरी टेस्लर या मोडांच्या इतका विरोधात गेला, की पुढं त्याच्या गाडीची नंबरप्लेटसुद्धा 'नो मोड्स' अशी होती. कट-कॉपी-पेस्टची जी पद्धत आज आपल्या बोटांत आहे, ती त्यानं आणि टिम मॉटनं मोड टाळण्याच्या याच खटपटीत घडवली. २०२० साली तो वारला तेव्हा बातम्या कट-कॉपी-पेस्टच्या आल्या. मोडांशी त्याचं जन्मभराचं वैर त्यामागं झाकलं गेलं.

बॅनर उलटं छापलं तर लोक हसतात. विमानात अशी चूक हसण्यावारी जात नाही. १४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून बंगळुरूला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ए-३२० धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं. १४६ पैकी ९२ माणसं गेली. उतरताना विमान अशा मोडमध्ये होतं, की इंजिनं अगदी मंद चालत होती आणि वेग घटत होता. वैमानिकांच्या ते फार उशिरा ध्यानात आलं. दोनच वर्षांनी, २० जानेवारी १९९२ ला, फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ त्याच जातीचं विमान डोंगरावर गेलं, ८७ माणसं मेली. चौकशीत सगळ्यात संभाव्य ठरलेलं कारण असं: उतरण्याचा कोन ३.३ अंश द्यायचा होता, पण यंत्र मिनिटाला किती फूट उतरायचं त्या मोडमध्ये होतं. एका मोडमध्ये आकडे दाखवणाऱ्या खिडकीत दिसायचं ३.३, दुसऱ्यात ३३, म्हणजे ३३०० फूट. फरक एका टिंबाचा. पुढं विमान बनवणाऱ्या एअरबसनं ती खिडकी बदलली आणि फुटांच्या मोडमध्ये चारही आकडे दाखवायला सुरुवात केली. वैमानिकांना जास्त लक्ष द्या असं सांगून भागलं नसतं. ज्या आकड्याकडे ते आधीच बघत होते, तो आकडाच वेगळा दिसायला लागला.

सगळी मेख इथं आहे. हात समोर लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. आपल्या डोळ्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढंच, दोन अंशांच्या आसपास. बाकी पडदा आपल्याला दिसतोय असं वाटतं, पण तो पुसट असतो. नजर तिकडं नेल्याशिवाय बारीक खूण वाचता येत नाही. रंगवताना हे नख पेनच्या टोकाला चिकटलेलं असतं. वरच्या पट्टीतलं बटण, खालच्या कोपऱ्यातला शब्द, शीर्षकातला कंस, हे सगळं नखाच्या बाहेर. म्हणून 'खूण आहे की, तुम्ही बघितली नाही' हा युक्तिवाद मला पटत नाही. स्टँडसुद्धा होतंच की खाली, दिसण्यासारखं.

मग उपाय काय? पहिला विचार येतो तो चित्राभोवती लालभडक चौकट घालण्याचा. व्हिडिओ रेकॉर्ड होत असला की पडद्याला लाल कडा येते, तसं. ऐकायला बरं, पण चित्राच्या बाबतीत घात करणारं. शेवरल नावाचा फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोबलँ या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई बघायचा. काळा धागा काळा वाटत नाही अशी तक्रार आली. त्यानं शोध घेतला तेव्हा दोष धाग्यात नव्हता, शेजारच्या रंगात होता. १८३९ साली त्यानं यावर जाडजूड ग्रंथ काढला. रंग शेजाऱ्याप्रमाणं दिसतो. लाल चौकटीत हिरवं शेत आहे त्याहून जास्त हिरवं दिसेल. चित्रकलेची सॉफ्टवेअरं नुसती करड्या रंगाची का असतात, त्याचं मोठं कारण हेच आहे. म्हणजे इथं खूण ठळक हवी, पण रंगीत नको. नजरेसमोर हवी, पण चित्रावर पाय देणारी नको. सांगायला सोपं, करायला कठीण.

मला स्वतःला भरवसा वाटतो तो पेनच्या टोकाचा. ब्रशच्या वर्तुळाला लागूनच, एखाद्या ज्वारीच्या दाण्याएवढी करडी खूण. आरसा चालू असेल तर तिथं उलटा 'अ'. बंद असेल तर काहीच नाही. उलटा 'अ' बघून देवनागरी वाचणाऱ्या माणसाचा मेंदू अडखळणारच, त्याला त्यासाठी शिकवावं लागत नाही. रॅप अराउंड असेल तर चित्राच्या खऱ्या कडेवर तुटक रेघ, आणि चित्र मोठं केलेलं असलं तरी दाण्याची खूण टोकाला आहेच. सॉफ्ट प्रूफ असेल तर चार शाईंचे चार ठिपके, तेही करड्या छटांत. आणि मोड आहे तोवर खूण राहिली पाहिजे. क्षणभर पाटी दाखवून विरणं म्हणजे स्टँड खाली आहे असं एकदा कानात सांगून निघून जाणं.

आपल्याकडे शेतात हे फार आधी कळलंय. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरपेटीवर तीन दिवे असतात: लाल, पिवळा, निळा. तिन्ही फेज आल्या की तिन्ही लागतात. पेटी लांब पडते म्हणून माणसं आखाड्यावर एक बल्ब टांगून ठेवतात, रात्री बाजेवरून डोळा उघडला की लाईट आली का ते कळावं. खूण नजरेच्या वाटेत आणून ठेवली. तरी एखादी फेज गेलेली असताना मोटार चालू राहिली तर जळणारच, माणूस झोपेत असतो. म्हणून पेटीत सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवतात. तो दिवा दाखवत बसत नाही, मोटार थेट बंद पाडतो. नव्या दुचाकींचंही तसंच झालं: बऱ्याच गाड्यांत स्टँड खाली असेल तर इंजिन सुरूच होत नाही. चित्राला असा प्रिव्हेंटर एकाच जागी शोभेल, फाइल बाहेर काढताना. आरसा चालू असताना जेपीजी काढायला गेलं, की एकदा विचारावं: आरसा चालू आहे, चित्र उलटं निघेल, चालेल? पोळ्याच्या रात्री मला हा एक प्रश्न पुरला असता.

आणखी एक वाट आहे, ती मला सगळ्यात आवडते. मॅकिंटॉशच्या कामाची सुरुवात करणाऱ्या जेफ रास्किननं तिचा पाठपुरावा केला: मोड चालू करून सोडूच नये, कळ धरून ठेवावी. शिफ्ट धरली तोवर मोठं अक्षर, सोडली की छोटं. शिफ्टला दिवा लागत नाही, कारण बोटाला ताण कळतो. रंगवताना स्पेसबार धरून चित्र सरकवतो ते असंच. सोडलं की ब्रश परत. जुन्या चित्रकाराचा आरसाही असाच होता. तो हातात असायचा. खाली ठेवला की संपला. आरसा हातात आहे हे विसरून कुणी कॅनव्हासवर उलटं लिहिल्याचं ऐकिवात नाही.

यावर सराईत लोक म्हणतात, आम्हाला लागतो ना तासभर आरसा चालू, धरून किती बसणार. बरोबर आहे. खुणा जास्त झाल्या तर त्याही दिसेनाशा होतात हेही बरोबर. देवळातली घंटा दिवसभर वाजत राहिली तर कोण वर बघणार? म्हणून मी प्रत्येक मोडला भोंगा लावा म्हणत नाही. जे मोड चुकून लागू शकतात आणि लागल्याचं दिसत नाही, तेवढ्यांनाच खूण द्या. टॅब दाबून पट्ट्या लपल्या तर ते दिसतंच. मुलगा घाबरतो, पण फसत नाही. फसवतात ते आरसा, रॅप अराउंड आणि सॉफ्ट प्रूफ.

क्रिता हे खुलं सॉफ्टवेअर आहे. १९९९ च्या सुमारास सुरू झालं, नाव स्वीडिश भाषेतलं, अर्थ खडू. जगभरातली माणसं ते मिळून बनवतात आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारी वाचतात. परभणीतून, जिंतुरातून, गंगाखेडातून कुणी चित्रं काढत असेल आणि असंच फसलं असेल, तर कुठली कळ, कुठला मोड, आधी पडद्यावर काय होतं आणि नंतर काय, हे पडद्याच्या फोटोसकट लिहून कळवा. तुटक्या इंग्रजीत चालतं. तोवर एक घरगुती सोय आहे: सेटिंग्जमध्ये 'कॉन्फिगर क्रिता' उघडा, कीबोर्ड शॉर्टकटमध्ये जा, डब्ल्यू आणि कंट्रोल-वाय मोकळ्या करा, आणि कंट्रोल-वायला 'रीडू', म्हणजे पुढं जाणं, द्या. दोन मिनिटांचं काम आहे.

मी एम मात्र ठेवली आहे, आरशाशिवाय माझं चालत नाही. पोळ्याचं ते फ्लेक्सही अजून आहे. आखाड्यावर कडब्याच्या गंजीवर टाकलंय, छापील बाजू खाली.